शतायुषी वेदपंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर

करवीरक्षेत्री दर्शनासाठी येणाऱ्या भाविकांमध्ये वयोवृद्ध मंडळी मोठ्या संख्येने असतात. अखेरपर्यंत हातपाय चालावेत, कोणावर आपला भार पडू नये, एवढेच मागणे त्यांच्यापैकी अनेकांच्या मनी असते. हे मागणे फार प्राचीन आहे. यजुर्वेदातील एका सूर्यप्रार्थनेत ऋषींनी नुसते शंभर वर्षांचे आयुष्य मागितलेले नाही. शंभर शरद ऋतू डोळ्यांना दिसावे, कानांना ऐकू यावे, वाणी चालावी आणि दैन्य वाट्याला येऊ नये, असे त्या प्रार्थनेचे स्वरूप आहे. वेदांचा अर्थ सांगण्यात ज्यांचे आयुष्य गेले आणि ज्यांनी स्वतः वयाची शंभरी पूर्ण केली, त्या पंडित सातवळेकरांच्या चरित्रात कोल्हापूरचाही एक प्रसंग आहे.

पंडितजींचा जन्म १९ सप्टेंबर १८६७ रोजी सावंतवाडी संस्थानातील कोलगाव येथे वैदिक परंपरेच्या घराण्यात झाला. संस्कृताचे संस्कार घरीच झाले. परंतु तरुणपणी त्यांना ओढ लागली ती चित्रकलेची. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत त्यांनी शिक्षण घेतले आणि पुढे हैदराबाद येथे चित्रकार म्हणून व्यवसाय केला. याच काळात वेदाध्ययन वाढत गेले, आणि त्याचबरोबर देशाच्या पारतंत्र्याची खंतही.

सन १९०८ मध्ये प्रा. विष्णु गोविंद विजापूरकर यांच्या कोल्हापूरहून निघणाऱ्या ‘विश्ववृत्त’ मासिकात पंडितजींचा वैदिक प्रार्थनांच्या तेजस्वितेविषयीचा लेख प्रसिद्ध झाला. वेदमंत्रांच्या विवरणात सरकारला राजद्रोह दिसला! प्रा. विजापूरकर आणि मासिकाच्या संपादनात त्यांचे सहकारी असलेले, पुढे कादंबरीकार म्हणून नावारूपास आलेले वामन मल्हार जोशी यांना कारावास भोगावा लागला. पंडितजी तेव्हा उत्तरेत होते. त्यांनाही पकडून कोल्हापुरास आणण्यात आले, खटला चालला आणि अखेर त्यांची सुटका झाली. त्या वेळी त्यांचे वय चाळिशीच्या पुढे गेले होते. पुढे काही वर्षे लाहोर येथे कलेचा व्यवसाय करून त्यांनी चरितार्थ चालविला.

आमच्या मते त्यांच्या चरित्राचा खरा विस्मयकारक भाग येथून पुढे आहे. ज्या वयात माणूस निवृत्तीचे दिवस मोजू लागतो, त्या वयात, म्हणजे पन्नाशी ओलांडल्यावर, सन १९१८ मध्ये त्यांनी औंध संस्थानात ‘स्वाध्याय मंडळ’ स्थापन केले. वेदांच्या संहितांचे शुद्ध मुद्रण, त्यांवरील सुबोध भाष्ये, भगवद्गीतेवरील ‘पुरुषार्थबोधिनी’ टीका, घरबसल्या संस्कृत शिकविणारे पाठ, ही सारी ग्रंथसंपदा या संस्थेने प्रकाशित केली. पंडितजींची ओळख ज्या कार्याने आहे, ते बहुतांशी आयुष्याच्या उत्तरार्धातील आहे.

औंधचे अधिपती श्रीमंत भवानराव पंतप्रतिनिधी हे सूर्यनमस्काराचे मोठे पुरस्कर्ते होते. ते स्वतः नित्य नमस्कार घालीत आणि संस्थानातील शाळांतही त्यांनी ते सुरू केले होते. पंडितजींनीही सूर्यनमस्कार, आसने आणि प्राणायाम यांवर ग्रंथ लिहिले. सूर्यनमस्कारात शरीर आळीपाळीने पुढे व मागे वाकते, त्यामुळे पाठीचा कणा लवचीक राहतो. श्वास त्या हालचालीशी जुळविला जातो आणि सूर्याची बारा नावे क्रमाने उच्चारल्याने चित्तही त्याच ठिकाणी राहते. शरीर आणि मन यांची निगा एकाच वेळी घेणारा हा व्यायाम आहे. (ज्येष्ठ भाविकांनी मात्र उतारवयात तो नव्याने आरंभ करण्यापूर्वी वैद्यांचा सल्ला अवश्य घ्यावा. गुडघे, रक्तदाब व हृदय यांचा विचार आधी करणे इष्ट.)

तरीही पंडितजींचे दीर्घायुष्य केवळ व्यायामाच्या खात्यावर जमा करणे योग्य ठरणार नाही. सन १९४८ मध्ये, वयाची ऐंशी वर्षे पूर्ण झालेली असताना, तीस वर्षे वाढविलेले औंधचे स्थान त्यांनी सोडले आणि गुजरातेतील पारडी येथे स्वाध्याय मंडळ नव्याने उभे केले. नवा प्रदेश, नवी भाषा आणि संस्थेची घडी पुन्हा पहिल्यापासून बसविणे, हे भर तारुण्यातही कोणास सोपे जात नाही. ऐंशीनंतरच्या या मुक्कामातही त्यांनी वेदभाष्याचे व प्रकाशनाचे व्रत चालू ठेवले. उद्या करावयाचे काम त्यांच्यापुढे सदैव असे. त्यांच्या शतायुष्यात नमस्कारांइतकाच या कामाचाही वाटा असावा, असे आम्हांस वाटते.

भारत सरकारने सन १९६८ मध्ये त्यांना ‘पद्मभूषण’ देऊन गौरविले. त्याच वर्षी ३१ जुलै रोजी, वयाच्या १०१ व्या वर्षी, पंडितजींनी देह ठेवला. चित्रकलेचा त्यांचा वारसा त्यांचे पुत्र, ख्यातनाम चित्रकार माधव सातवळेकर यांनी पुढे चालविला.