फ्रांझ फिशर

फ्रांझ फिशर यांचा जन्म १८७७ साली जर्मनीतील फ्रायबुर्ग नगरात झाला. त्यांच्या देशात दगडी कोळसा विपुल. खनिज तेल मात्र फार थोडे. १९१३ साली म्यूलहाइम येथील नव्या कोळसा-संशोधन संस्थेचे ते संचालक झाले. कोळशाचे तेल करता येईल काय, हा एकच ध्यास त्यांनी घेतला.

धगधगत्या कोळशावरून वाफ सोडली, की हायड्रोजन व कार्बन मोनॉक्साइड हे वायू मिळतात. १९२३ च्या सुमारास फिशर व त्यांचे सहकारी हान्स ट्रॉप्श यांनी हे वायू मोठ्या दाबाखाली, पोटॅशचा संस्कार केलेल्या तप्त लोखंडी किसावरून नेले. लोहाराच्या भट्टीत कोळसा लोखंडाचे रूप पालटतो. येथे लोखंडानेच कोळशाच्या वायूंचे रूप पालटले! स्वतः खर्ची न पडता असे कार्य घडविणाऱ्या पदार्थास उत्प्रेरक म्हणतात. प्रथम हाती आले ते बहुतांशी अल्कोहोलांसारख्या ऑक्सिजनयुक्त संयुगांचे मिश्रण. तरी त्यांनी प्रयत्न सोडले नाहीत. १९२६ साली पेट्रोलसारखे तेल मिळाल्याचे त्यांनी जाहीर केले.

पुढे जर्मन कारखान्यांनी लोखंडाऐवजी महागडे कोबाल्ट वापरले. ते तेल दुसऱ्या महायुद्धाच्या कामी आले, हेही सांगितलेच पाहिजे.

१९४७ साली फिशर निवर्तले. स्वस्त लोखंडावर चालणारा दक्षिण आफ्रिकेतील सासोलबर्गचा कारखाना १९५५ साली सुरू झाला. तो पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. प्लास्टिकच्या बादल्या, पिशव्या ज्यांपासून होतात, ते एथिलीन व प्रोपिलीन वायूही लोखंडाच्याच साहाय्याने थेट मिळावेत, म्हणून आज संशोधक खटपट करीत आहेत.