पापक्षमेची भूक : संत जोसेफ वाझ



१६ जानेवारीला ख्रिस्तसभा संत जोसेफ वाझ यांचा सण साजरा करते. समेट संस्काराचे मोल काय, हे त्यांच्या जीवनातून आपल्याला कळते.

त्यांचा जन्म २१ एप्रिल १६५१ रोजी गोव्यातील बाणावली येथे झाला. १६७६ मध्ये त्यांना गुरुदीक्षा मिळाली. कानडा प्रांतात त्यांनी काही वर्षे सेवा केली, पण त्यांचे मन सिलोनकडे, म्हणजे आजच्या श्रीलंकेकडे लागले होते. १६५८ मध्ये डचांनी तेथील पोर्तुगीज सत्ता संपवली आणि कॅथलिक धर्मगुरूंना हाकलून दिले. लोकांची श्रद्धा टिकली, पण संस्कार देणारे कोणी उरले नाही. अडचणीच्या वेळी बाप्तिस्मा कोणीही देऊ शकतो. पापक्षमा देण्याचा अधिकार मात्र धर्मगुरूलाच आहे.

१६८७ मध्ये फादर वाझ मजुराच्या वेषात जाफन्याला पोहोचले. तेथे ते आधी आजाराने खंगले. बरे होताच गळ्यात जपमाळ घालून दारोदार भिक्षा मागू लागले. जपमाळ पाहून ज्यांचा चेहरा उजळे, ते घर कॅथलिकांचे, ही त्यांची खूण. मग रात्री गुपचूप पापनिवेदन, मिस्सा आणि ख्रिस्तप्रसाद होई. जवळजवळ तीस वर्षे मनात साठलेले ओझे तेव्हा लोकांनी उतरवले.

१६९२ मध्ये कँडीत त्यांना हेर समजून कैद झाली. पुढे तेथील राजानेच त्यांना मोकळीक दिली. १६९७ च्या देवीच्या साथीत त्यांनी टाकून दिलेल्या रोग्यांची शुश्रूषा केली. १६ जानेवारी १७११ रोजी कँडीतच त्यांनी देह ठेवला. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ मध्ये कोलंबो येथे त्यांना संतपद दिले.

आपल्या यवतमाळ जिल्ह्यात कॅथलिक कुटुंबे थोडी आणि विखुरलेली आहेत, पण पापनिवेदनासाठी आपल्याला रात्रीची वाट पाहावी लागत नाही. तरी काहीजण म्हणतात, आम्ही थेट देवाशी बोलतो. जरूर बोलावे; मनापासून पश्चात्ताप करणाऱ्याला देव दूर लोटत नाही. पण पाप फक्त देवाला दुखवत नाही. शेताच्या बांधावरून दोन भावांचे बोलणे बंद झाले, तर सारे घर दुखावते. म्हणूनच प्रभू येशूने क्षमेचा अधिकार ख्रिस्तसभेकडे सोपवला. या संस्कारात आपण देवाशी आणि एकमेकांशीही समेट करतो.

या सणाआधी पापनिवेदनाला या, आणि ज्याच्याशी अबोला आहे त्याच्या घरीही जाऊन या.

संत जोसेफ वाझ, आम्हांसाठी विनंती करा.