हिशेबनिसाचा लाकडी वाडा

पुण्यात येणारा पाहुणा शनिवारवाडा पाहतो, दिल्ली दरवाज्यासमोर फोटो काढतो आणि परत फिरतो. आत त्याला दिसतात ती जोती, बुरूज आणि कारंजी. ज्या लाकडी महालांसाठी हा वाडा प्रसिद्ध होता, ते १८२८च्या आगीत गेले. गंमत अशी, की धन्याचा वाडा जळाला, पण त्याच्या हिशेबनिसाच्या वाड्याचा काही भाग तिथून चार पावलांवर अजून उभा आहे. त्याला नानावाडा म्हणतात.

हिशेबनीस म्हणजे नाना फडणीस. नाव बाळाजी जनार्दन भानू, जन्म १२ फेब्रुवारी १७४२चा, साताऱ्याचा. घराणे मूळचे कोकणातल्या वेळासचे. आजोबा बाळाजी महादजी पेशव्यांबरोबर दिल्लीला गेले आणि १७१९ साली तिथल्या दंगलीत मारले गेले. वडील १७५६ साली वारले आणि चौदा वर्षांच्या पोराच्या हातात फडणिशीची लेखणी आली. आज त्या वयाच्या मुलाला आपण बँकेत स्वतःचे खाते उघडायलाही सोबत घेऊन जातो!

माझी उमेद बँकेत गेली, म्हणून असेल, पण मुत्सद्दी नानांपेक्षा मला हे फडणीस नाना जास्त जवळचे वाटतात. राज्याचा जमाखर्च, सरंजामाच्या नोंदी, कोणाला काय दिले आणि कोणाकडून काय यायचे, हे सारे फडणिसाच्या नजरेखालून जाई. ज्याला खरे आकडे ठाऊक, त्याला कोणता सरदार कोठे अडकला आहे तेही ठाऊक. नानांच्या मुत्सद्देगिरीचे मूळ या वह्यांत आहे, असे मला वाटते.

पानिपतावर गेले तेव्हा नानांचे एकोणिसावे वर्ष संपत आले होते. त्या रणधुमाळीतून ते कसेबसे जिवानिशी सुटले. आई मात्र त्यांना परत भेटली नाही. पुढे या काळाबद्दल त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आणि त्यात स्वतःचे दोषही झाकले नाहीत. अठराव्या शतकातला कारभारी स्वतःबद्दल इतके उघड लिहितो, याचे नवल वाटते.

३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला आणि राघोबादादा गादीवर आले. नानांनी सखारामबापूंसह इतरांना एकत्र करून बारभाईंचे कारस्थान उभे केले. एप्रिल १७७४मध्ये पुरंदरावर सवाई माधवराव जन्मले आणि अवघ्या चाळीस दिवसांच्या बाळाला पेशवाईची वस्त्रे मिळाली. राघोबांची बाजू घेऊन इंग्रज पुढे आले. जानेवारी १७७९मध्ये वडगावला त्यांना माघार घेऊन तह करावा लागला, आणि १७८२च्या सालबाईच्या तहाने ते युद्ध संपले.

नानावाडा बांधला गेला तो या धामधुमीतच, १७८०च्या सुमारास. खाली घडीव दगडाचे जोते, वर सागवानी सांगाडा. दिवाणखान्यात सुरूच्या झाडासारखे वर निमुळते होत जाणारे खांब, आणि वर लाकडात कोरलेली केळफुले. अशा वाड्यात भार पेलतात ते खांब आणि तुळया. भिंत पुष्कळदा नुसता आडोसा असते. म्हणून विटा ढासळल्या तरी सांगाडा उभा राहतो. त्याचे वैरी तीन : आग, वाळवी आणि छपरातली गळती. पहिला वैरी कधी येईल सांगता येत नाही, पण उरलेल्या दोघांना आपणच वेळेवर कौले न फिरवून घरात घेतो.

नाना देवमाणूस होते, असे मला म्हणायचे नाही. सवाई माधवरावांवर त्यांनी करडी नजर ठेवली. ते पेशवे ऑक्टोबर १७९५मध्ये वाड्याच्या सज्जातून पडून गेले, तेव्हापासून आजवर त्या नजरेची चर्चा चालू आहे. घाशीराम कोतवालाचा जुलूम नानांच्याच कारभारात वाढला आणि १७९१ साली लोकांनी त्याला ठेचून मारले. स्वतः नानांना १७९७च्या अखेरच्या दिवशी शिंद्यांच्या छावणीत दग्याने पकडून नगरच्या किल्ल्यात ठेवले. पुढच्या वर्षी सुटका झाली, पण शरीर थकले होते. १३ मार्च १८०० रोजी ते पुण्यात वारले. तीन वर्षांच्या आतच वसईचा तह झाला आणि पेशवाई इंग्रजांच्या आश्रयाला गेली.

जुन्या घरांचे मूल्यमापन-अहवाल माझ्या टेबलावर पुष्कळ येत. त्यांचा साचा ठरलेला. जमिनीची किंमत अमुक लाख, आणि घसारा वजा जाता लाकडी बांधकामाची किंमत जवळजवळ शून्य. कर्ज देण्यापुरता तो हिशेब बरोबरच होता, कारण तारण विकायची वेळ आली तर गिऱ्हाईक जमिनीला मिळते, केळफुलांना नाही. पण नानावाडा पाहताना वाटते, ज्या शहराने त्या शून्यावर कायमचा विश्वास ठेवला, त्याचे काय होते?

उत्तर सदाशिव, नारायण, शनिवार पेठांत फिरले की मिळते. वाड्यांच्या मालकांना मी दोष देणार नाही. १९४७च्या कायद्याने भाडी गोठली, त्या भाड्यात कौलेही फिरवून होत नसत. १९६१च्या पानशेतच्या पुरात कितीतरी वाडे बसले. सामाईक संडास, गळकी माडी आणि अंधारा जिना यांत आयुष्य काढलेल्या बाईला वारशाचे महत्त्व सांगायला जाणे हा उद्धटपणा आहे. तिला लिफ्ट हवी, आणि ती मिळाली पाहिजे.

म्हणूनच जे चार-दोन वाडे सार्वजनिक मालकीचे आहेत, त्यांची जबाबदारी वाढते. नानावाड्यात वर्षानुवर्षे शाळा भरली, मग महापालिकेने त्याची डागडुजी हाती घेतली, हे चांगलेच झाले. वाईजवळ मेणवलीला कृष्णेकाठी नानांचा दुसरा वाडा आहे. तो घाट 'स्वदेस' चित्रपटात अनेकांनी पाहिला असेल. तिथले कागदपत्र, म्हणजे मेणवली दफ्तर, आता पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आहे. कागद जपणारे घर टिकले म्हणून कागद टिकले, आणि ते टिकले म्हणून नानांचे गुणही कळले आणि दोषही.

वारशाची किंमत म्हणायची ती हीच. पुस्तकात नाना दोन पानांत संपतात. वाड्यात त्यांच्या खोलीची लांबी-रुंदी, उजेड, जिन्याची अरुंदी आपल्या अंगाला लागते, आणि ज्या माणसाने आयुष्यभर दग्याची धास्ती घेतली, तो कसा राहत असेल याचा अंदाज येतो. एखाद्या सुट्टीच्या दिवशी शनिवारवाडा झाला की मुलांना तेवढी चार पावले पुढे न्या. आत गेल्यावर त्यांना मान वर करायला सांगा. केळफुले वर आहेत.