एक वनस्पती दुसरीला विष देते? या शास्त्राला नाव देणारे हान्स मोलिश कोण होते?

उत्तर अमेरिकेतील काळ्या अक्रोडाजवळ लावलेली टोमॅटोची रोपे अनेकदा कोमेजून जातात. पाणी आणि उन्हाची स्पर्धा एवढेच त्यामागचे कारण नाही. काही वनस्पती मुळांतून, पानांतून किंवा कुजणाऱ्या पाल्यातून अशी रसायने सोडतात, की शेजारच्या रोपांची वाढ खुंटते. याला अ‍ॅलेलोपॅथी म्हणतात. हे नाव दिले ऑस्ट्रियाचे वनस्पतिशास्त्रज्ञ हान्स मोलिश यांनी, तेही आयुष्याच्या अखेरच्या वर्षी.

मोलिश कोण होते?

मोलिश यांचा जन्म ६ डिसेंबर १८५६ रोजी आजच्या चेक प्रजासत्ताकातील ब्रनो शहरात, बागकामाचा व्यवसाय असलेल्या कुटुंबात झाला. याच शहरात त्याच वर्षी ग्रेगोर मेंडेल यांनी वाटाण्यावरचे प्रयोग सुरू केले होते. मोलिश यांचे उच्च शिक्षण व्हिएन्नात झाले. पुढे ते प्राग आणि व्हिएन्ना येथे प्राध्यापक होते. अकरावी-बारावीच्या प्रयोगशाळेत शर्करा ओळखण्यासाठी केली जाणारी, जांभळे वलय दाखवणारी मोलिश चाचणी त्यांचीच.

भारताशी काय संबंध?

१९२२ ते १९२५ या काळात मोलिश यांनी जपानमधील सेंदाई येथे अध्यापन केले. निवृत्तीनंतर १९२८-२९ मध्ये ते जगदीशचंद्र बोस यांच्या कोलकात्यातील संस्थेत काही महिने कामाला होते. तेव्हा त्यांनी सत्तरी ओलांडली होती.

शोध कशातून लागला?

सफरचंदातून! पिकलेल्या सफरचंदांजवळ बंद जागेत ठेवलेली वाटाण्याची कोवळी रोपे उंच वाढण्याऐवजी आखूड आणि जाड होतात, हे मोलिश यांनी प्रयोगांतून दाखवले. यामागे होता फळांतून बाहेर पडणारा इथिलीन वायू. आंब्याच्या आढीत एक फळ पिकले की बाकीची भराभर पिकतात, तेही याच वायूमुळे. म्हणजे जो वायू फळ पिकवतो, तोच कोवळ्या रोपाची वाढ रोखतो. १९३७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात मोलिश यांनी अशा परिणामांना अ‍ॅलेलोपॅथी म्हटले. परस्पर आणि सोसणे अशा अर्थाच्या दोन ग्रीक शब्दांपासून हे नाव तयार झाले. ८ डिसेंबर १९३७ रोजी, वयाची ८१ वर्षे पूर्ण झाल्यानंतर दोनच दिवसांनी, व्हिएन्नात त्यांचे निधन झाले.

नावाचा अर्थ का बदलला?

मोलिश यांच्या व्याख्येत अपाय आणि उपकार दोन्ही होते. नंतर मात्र हा शब्द बहुधा अपायापुरताच वापरला गेला. अमेरिकी शास्त्रज्ञ एलरॉय राइस यांनीही १९७४ च्या ग्रंथात तो तेवढाच मर्यादित ठेवला. १९८४ च्या आवृत्तीत त्यांनी उपकारक परिणामही पुन्हा सामावून घेतले.

ही रसायने काय करतात?

अक्रोडातील जुग्लोन रोपांच्या पेशींच्या श्वसनात अडथळा आणते. ज्वारीच्या मुळांतून स्रवणारे सोर्गोलिओन इतर रोपांचे प्रकाशसंश्लेषण रोखते. महाराष्ट्रातील शेतकऱ्यांना छळणाऱ्या गाजर गवतातील पार्थेनिन इतर बियांची उगवण कमी करते.

शेतीला उपयोग काय?

बॉटलब्रश या शोभेच्या झाडाखाली तण कमी उगवते, या निरीक्षणातून पुढे मेसोट्रिओन हे तणनाशक तयार झाले. मात्र प्रयोगशाळेत जे रसायन रोप मारते, ते शेतात मारेलच असे नाही. मातीतले जिवाणू त्याचे विघटन करतात, पाऊस ते वाहून नेतो. त्यामुळे एखाद्या झाडाखाली काही उगवत नसेल, तर दोष विषाचा, सावलीचा की पाण्याच्या टंचाईचा, हे तपासावे लागते. नाव मिळून आठ दशके उलटली, तरी हे सिद्ध करणे या शास्त्रातील सर्वांत अवघड काम आहे.