पालवणकर बाळू : मैदानावर आपला, मैदानाबाहेर परका

स्मरणिकेच्या या अंकात आम्ही एका खेळाडूचे चरित्र सादर करीत आहोत. आमच्या निवासी शाळेत शिकून गेलेल्या बहुतेक विद्यार्थ्यांना फुले, शाहू, आंबेडकर यांची चरित्रे मुखोद्गत आहेत. मात्र भारतीय क्रिकेटमधील पहिला थोर गोलंदाज ज्यांना म्हणता येईल, त्या पालवणकर बाळूंचे नाव फारच थोड्यांच्या कानी आलेले असते. गेवराई तालुक्यातील गावोगावच्या मैदानांवर आज टेनिस चेंडूचे सामने रंगतात, गावच्या गावे ते पाहायला लोटतात आणि कधी कधी त्याच गर्दीतून जातीचा उल्लेख करून शेरेही मारले जातात. अशा वेळी बाळूंचे आयुष्य आपल्या मुलांनी आणि पालकांनीही समजून घ्यावे, असे आम्हांस वाटते.

बाळूंचा जन्म १८७६ च्या सुमारास धारवाड येथे एका चर्मकार कुटुंबात झाला. कोकणातील पालवण या गावावरून त्यांच्या घराण्यास हे आडनाव पडले. वडील लष्कराच्या नोकरीत असल्याने कुटुंब पुण्यास आले. छावणीतील इंग्रज अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या बॅटी आणि चेंडू घेऊन बाळू आणि त्यांचे धाकटे बंधू शिवराम क्रिकेट शिकले. त्यांना शिकवायला कोणी गुरू नव्हता आणि मैदानात पाऊल ठेवण्याचा अधिकारही नव्हता. घरची गरज भागविण्यासाठी बाळूंनी लहानपणीच नोकरी धरली. पुण्यातील एका पारशी क्रिकेट क्लबात खेळपट्टी झाडणे आणि तीवर रोलर फिरविणे, हे त्यांचे काम होते आणि पगार महिना ३ रुपये होता.

१८९२ च्या सुमारास ते युरोपियनांच्या पूना जिमखान्यात ४ रुपये पगारावर लागले. तेथे रोलर ओढणे, जाळ्या बांधणे, रेषा आखणे ही कामे होतीच. पण एका गोऱ्या सभासदाच्या सांगण्यावरून बाळू सरावासाठी गोलंदाजीही करू लागले. डावखुऱ्या हाताने हळुवार सोडलेला त्यांचा चेंडू हवेत फसवी गिरकी घेई आणि टप्पा पडल्यावर भलत्याच दिशेने वळे. जे. जी. ग्रेग हे त्या काळचे नामांकित फलंदाज रोज अगोदर येऊन तासन् तास त्यांच्या गोलंदाजीवर सराव करीत. बाळूंनी ग्रेग यांना बाद केले की दर खेपेस ८ आणे मिळत, अशी आख्यायिका आहे. या सरावाने ग्रेग यांची फलंदाजी सुधारली आणि बाळूंची गोलंदाजीही. मात्र इतक्या वर्षांत बाळूंच्या हाती बॅट कोणी दिली नाही. फलंदाजी हा साहेबांचा मान होता आणि चेंडू टाकून दमणे हे नेटिव्ह नोकराचे काम. वर्णभेदाचा हा धडा त्यांना तारुण्यातच मिळाला.

यापुढचा धडा स्वकीयांकडून मिळाला. पुण्यातील हिंदूंच्या क्लबाला गोऱ्यांचा संघ हरवायचा होता आणि त्यासाठी लागणारा गोलंदाज गोऱ्यांच्याच मैदानावर रोलर ओढीत होता. त्याला संघात घ्यावे की नाही यावर क्लबात वाद माजला. तेलुगू भाषक सभासद अनुकूल होते, तर काही मराठी ब्राह्मण सभासदांचा विरोध होता. अखेर जिंकण्याच्या इच्छेने विटाळाच्या भीतीवर मात केली आणि बाळूंना संघात प्रवेश मिळाला. तो प्रवेश मात्र मैदानाच्या सीमारेषेपुरताच होता. बाळूंनी हाताळलेला चेंडू सर्व सवर्ण खेळाडू निःशंकपणे हाती घेत. चहाच्या सुटीत मात्र बाळू मंडपाबाहेर उभे राहत आणि त्यांना मातीच्या, वापरून फेकून द्यायच्या भांड्यात चहा मिळे. त्यांची जेवणाची पंगत वेगळी असे आणि हातपाय धुण्यासाठी अस्पृश्य नोकर एका कोपऱ्यात पाणी आणून देई.

या विसंगतीवर आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. चामड्याचा तोच चेंडू, तेच हात आणि तोच माणूस. बळी मिळाला की टाळ्या आणि चहा मागितला की विटाळ! म्हणूनच प्रेक्षकांच्या जयजयकाराला समतेचा पुरावा मानता येत नाही. ज्या माणसाच्या कर्तृत्वाचा आपण उपभोग घेतो, त्याच्याबरोबर पाणी प्यायला आपण तयार आहोत काय, हीच खरी कसोटी होय. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी हे नेमके ओळखले होते. बाळूंच्या बळावर पुण्याच्या संघाने गोऱ्यांवर विजय मिळविल्यावर त्यांनी त्या संघाला सुनावले, की ज्याच्याबरोबर खेळता त्याच्याबरोबर खाण्यापिण्यासही हरकत असू नये.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, प्लेगच्या काळात बाळू मुंबईस आले. तेथे परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्याच्या संघातही त्यांच्या प्रवेशाला प्रारंभी विरोध झालाच. तो मोडून काढून ते संघाचे आधारस्तंभ बनले. फेब्रुवारी १९०६ मध्ये मुंबईत हिंदू आणि युरोपियन या संघांचा प्रसिद्ध सामना झाला. हिंदू संघाने १०९ धावांनी विजय मिळविला. बाळूंनी दोन डावांत मिळून ८ बळी घेतले आणि बंधू शिवरामही या संघात होते. स्वदेशीच्या चळवळीने भारलेल्या त्या काळात राज्यकर्त्यांचा त्यांच्याच खेळात झालेला हा पराभव लोकांनी उत्सवासारखा साजरा केला. एव्हाना मुंबईच्या जिमखान्यात या भावंडांसह सहभोजन होऊ लागले होते आणि सुधारक वृत्तपत्रांनी या बदलाचे विजयाइतकेच स्वागत केले.

१९११ मध्ये पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली भारताचा पहिला अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला. त्यात हिंदू, मुसलमान, पारशी खेळाडू होते आणि बाळू व शिवराम हे अस्पृश्य मानले गेलेले दोन भाऊही होते. संघाला बहुतेक सामने गमवावे लागले. परंतु बाळूंनी सर्व सामन्यांत मिळून ११४ बळी घेतले. एका डावात १०३ धावांत ८ बळी ही त्यांची प्रथम श्रेणीतील सर्वोत्तम कामगिरीही याच दौऱ्यातील. संपूर्ण कारकिर्दीत ३३ प्रथम श्रेणी सामन्यांत १७९ बळी आणि प्रत्येक बळीमागे अवघ्या १५ धावा, असा त्यांचा हिशेब आहे. मायदेशी परतल्यावर मुंबईतील अस्पृश्य समाजाने त्यांचा सत्कार केला. त्या सत्काराच्या मानपत्रात एल्फिन्स्टन महाविद्यालयात शिकणाऱ्या तरुण भीमराव आंबेडकरांचा सहभाग होता, असे अभ्यासकांनी नोंदविले आहे. दलित घरांतील मुलांसमोर त्या काळी जे थोडे आदर्श होते, त्यांत बाळूंचे स्थान फार वरचे होते.

इतके होऊनही एक दार बंदच राहिले, ते कर्णधारपदाचे. ज्येष्ठता, अनुभव आणि खेळाची जाण या सर्वांत बाळू अग्रभागी असताना हिंदू संघाचे नेतृत्व मात्र सवर्णांकडेच जात राहिले. १९१३ मध्ये कर्णधार झालेल्या एम. डी. पै यांनी सत्काराच्या प्रसंगीच मोकळेपणाने सांगितले, की हा मान वास्तविक बाळूंचा होता. १९२० साली चौरंगी सामन्यांच्या वेळी तर बाळूंना संघातूनच वगळण्यात आले आणि नेतृत्वासाठी त्यांचे बंधू विठ्ठल यांचाही विचार झाला नाही. तेव्हा शिवराम आणि विठ्ठल यांनी खेळण्यास नकार दिला आणि जातीच्या कारणावरून होणारा हा अन्याय आपण सोसणार नाही, असे निवेदन प्रसिद्ध केले. लोकमत हलले. अंतिम सामन्यासाठी तिघा बंधूंना सन्मानाने परत बोलावण्यात आले, बाळू उपकर्णधार झाले आणि पै यांनी काही काळ मैदान सोडून संघाची सूत्रे त्यांच्या हाती दिली. पंधरा वर्षांच्या सेवेनंतर हाती आलेला हा मान काही काळापुरताच होता.

पुढे १९२३ मध्ये विठ्ठल पालवणकर हिंदू संघाचे कर्णधार झाले आणि संघाने चौरंगी स्पर्धा जिंकली. विजयानंतर प्रेक्षकांनी त्यांना खांद्यांवर उचलून घेतले. ज्या समाजाची सावलीही नकोशी मानली जाई, त्या समाजातील माणसाचा देह हजारो लोकांसमक्ष सवर्णांच्या खांद्यांवर होता! प्रेक्षक बदलू शकतो, हे या घटनेने सिद्ध केले. पण तो आपोआप बदलला नाही. बाळूंची गुणवत्ता, रानडे आणि पै यांच्यासारख्यांची स्पष्टोक्ती, वृत्तपत्रांचा दबाव आणि १९२० मधील त्या दोन भावांचा ठाम नकार, या साऱ्यांनी मिळून तो बदल घडविला. या घराण्याची कहाणी विठ्ठल यांनी १९४८ साली प्रकाशित झालेल्या माझे क्रीडा-जीवन या आत्मचरित्रात लिहून ठेवली आहे.

बाळूंच्या उत्तरायुष्याबद्दल आम्ही मौन पाळणार नाही, कारण हा अंक ज्यांच्या हाती जाईल त्यांच्या मनात तो प्रश्न उद्भवणारच. बाळू राजकारणात बाबासाहेबांच्या विरोधी बाजूस उभे राहिले. १९३२ च्या पुणे करारावर त्यांची सही आहे. १९३५ मध्ये बाबासाहेबांनी येवले येथे धर्मांतराची घोषणा केली, तिला त्यांनी विरोध केला. आणि १९३७ च्या मुंबई विधानसभा निवडणुकीत काँग्रेसच्या तिकिटावर ते प्रत्यक्ष बाबासाहेबांविरुद्ध लढले. बाबासाहेबांना १३,२४५ आणि बाळूंना ११,२२५ मते मिळाली. आमची निष्ठा कोणत्या मार्गावर आहे, हे वेगळे सांगण्याची गरज नाही. परंतु त्या मार्गाशी मतभेद असणाऱ्या माणसाने मैदानावर जो अपमान गिळला आणि जी वाट मोकळी केली, तिचे मोल त्यामुळे उणे होत नाही. मतभेदामुळे माणसाचे कर्तृत्वच पुसून टाकायचे, ही रीत आपल्याशी पिढ्यान् पिढ्या केली गेली. ती आपण कोणाशी करू नये. बाळूंचे निधन ४ जुलै १९५५ रोजी मुंबईत झाले. त्यानंतर सव्वा वर्षाने नागपूरच्या भूमीवर धम्मदीक्षेचा सोहळा झाला.

शंभर वर्षांनंतरही मैदानाभोवतीची गर्दी पूर्ण शुद्ध झालेली नाही. जुलै २०२१ मध्ये युरोपच्या फुटबॉल स्पर्धेच्या अंतिम सामन्यात इंग्लंडच्या तीन कृष्णवर्णीय खेळाडूंची पेनल्टी हुकली आणि त्यांच्याच देशातील चाहत्यांनी समाजमाध्यमांवर त्यांना वर्णावरून शिवीगाळ केली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये टोकियो ऑलिंपिकच्या उपांत्य सामन्यात भारताच्या महिला हॉकी संघाचा पराभव झाला, तेव्हा वंदना कटारिया यांच्या हरिद्वारजवळील घरासमोर फटाके उडवून जातिवाचक शिव्या दिल्या गेल्याची तक्रार त्यांच्या कुटुंबीयांनी केली आणि पोलिसांनी अटकही केली. याच वंदनांनी चारच दिवसांपूर्वी दक्षिण आफ्रिकेविरुद्ध तीन गोल करून संघाला स्पर्धेत टिकवून ठेवले होते. जिंकले तर देशाची लेक आणि हरले तर जातीची, हा न्याय बाळूंच्या मातीच्या भांड्याहून निराळा नाही.

यावर उपाय आहेत आणि ते परिणामकारकही ठरले आहेत. जानेवारी २०२१ मध्ये सिडनीच्या कसोटीत मोहम्मद सिराज यांनी प्रेक्षकांच्या शेरेबाजीची तक्रार कर्णधार आणि पंच यांच्याकडे केली. तेव्हा खेळ थांबविण्यात आला, काही प्रेक्षकांना बाहेर काढण्यात आले आणि पुढे चौकशीत भारतीय खेळाडूंना वर्णद्वेषी शेरे सहन करावे लागल्याचे मान्य झाले. फुटबॉलमध्ये तर तीन पायऱ्यांचा नियमच आहे : प्रथम खेळ थांबवून सूचना द्यायची, तरीही प्रकार चालू राहिल्यास खेळाडूंना आत न्यायचे आणि अखेरीस सामनाच रद्द करायचा. आपल्या देशात १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे आणि सार्वजनिक ठिकाणी केलेली जातिवाचक शिवीगाळ त्याच्या कक्षेत येते. गावच्या स्पर्धेच्या आयोजकांनी नियमावलीत एक ओळ वाढवून असा शेरा येताच पंचाने खेळ थांबवावा, असे ठरविले, तर त्याला एक पैसाही खर्च येत नाही. तक्रारीचे ओझे अपमान झालेल्या मुलावर टाकू नये. त्याच्या संघातील इतरांनी, विशेषतः ज्यांच्या जातीला कोणी बोट लावत नाही अशांनी, प्रथम पुढे यावे. एम. डी. पै यांनी हेच केले होते.

आमच्या शाळेत ऊसतोडीला जाणाऱ्या आईबापांची लेकरे आहेत, शेतमजुरांची आहेत, वेगवेगळ्या जातींची आहेत. एकाच पंगतीला ती जेवतात आणि एकाच टाकीचे पाणी पितात. मैदानाबाहेरची बाळूंची लढाई त्यांच्यापुरती जिंकलेली आहे. मैदानातली लढाई मात्र दर पिढीला नव्याने लढावी लागते. म्हणून आमच्या माजी विद्यार्थ्यांना आणि पालकांना आमची विनंती एवढीच आहे : आपल्या गावचा सामना पाहायला जाल तेव्हा धावफलकाबरोबर आणखी काही गोष्टी पाहा. खेळपट्टीवर पाणी कोण मारतो, फलंदाजी कोणाला मिळते, संघाचे नेतृत्व कोणाकडे जाते आणि झेल सुटल्यावर कोणाची जात निघते, ते पाहा. आणि जेथे अन्याय दिसेल तेथे बोला.