उपराष्ट्रपती हिदायतुल्ला

गेल्या वर्षी मंडळाच्या निवडीत माझ्या वाट्याला उपाध्यक्षपद आले, तेव्हा खरे सांगते, मी मनातून खट्टू झाले. अध्यक्षाबाईंच्या शेजारी बसावयाचे, शेवटी आभार मानावयाचे आणि घरी यावयाचे, एवढेच ते काम अशी माझी समजूत! पण ऐन नवरात्राच्या तोंडावर अध्यक्षाबाई आजारी पडल्या. तुळजापूरला पायी जाणाऱ्या बायकांच्या चहा-फराळापासून हिशेबाच्या वहीपर्यंत सारे माझ्यावर आले. त्या दिवसांत ज्यांच्या चरित्राने मला आधार दिला, त्या महंमद हिदायतुल्ला यांच्याविषयी भगिनींना चार शब्द सांगावेसे वाटतात.

त्यांचा जन्म १७ डिसेंबर १९०५ चा. रायपूरच्या सरकारी शाळेतून ते नागपूरच्या मॉरिस कॉलेजात आले आणि पुढे विलायतेस जाऊन बॅरिस्टर झाले. १९३० साली नागपुरास त्यांनी वकिली सुरू केली. तेथेच १९४६ साली ते न्यायाधीश व १९५४ साली मुख्य न्यायाधीश झाले. १९४८ साली, फाळणीच्या जखमा ओल्या असताना, त्यांनी पुष्पा शहा यांच्याशी आंतरधर्मीय विवाह केला. १९५८ मध्ये ते सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९६८ मध्ये सरन्यायाधीश झाले.

३ मे १९६९ रोजी राष्ट्रपती झाकीर हुसेन पदावर असतानाच निवर्तले. त्यांचा जन्म हैदराबादचा. आपला जिल्हाही पूर्वी हैदराबाद संस्थानातच होता. घरचा कर्ता माणूस गेला तरी चूल बंद ठेवून चालत नाही, तसेच राज्याचे. म्हणून तर घटनेने उपराष्ट्रपती नेमला आहे. एरवी तो राज्यसभेचा सभापती असतो. त्याला वेतनही त्या कामाचेच मिळते. राष्ट्रपतींची जागा रिकामी झाली की नवी निवड होईपर्यंत, म्हणजे फार तर सहा महिने, त्याने तो भार वाहावयाचा.

त्याप्रमाणे उपराष्ट्रपती गिरी यांनी कार्यभार घेतला. पण त्यांना स्वतःलाच राष्ट्रपतिपदाची निवडणूक लढवावयाची होती. २० जुलैस त्यांनी राजीनामा दिला आणि दोन्ही खुर्च्या रिकाम्या झाल्या! असा प्रसंग आल्यास सरन्यायाधीशाने काम पाहावे, असा कायदा संसदेने त्याच वर्षी केला होता. त्यामुळे हिदायतुल्ला राष्ट्रपतिभवनात आले. ते दिवस नुसते मिरवण्याचे नव्हते. अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन दिल्लीस आले; चौदा बँकांच्या राष्ट्रीयीकरणाच्या कायद्यास संमती द्यावयाची होती, ती त्यांनी ९ ऑगस्टला दिली. २४ ऑगस्टला गिरी निवडून येऊन राष्ट्रपती झाले. पस्तीस दिवस देशाच्या सर्वोच्च आसनावर बसलेले हिदायतुल्ला आपल्या न्यायासनावर परत गेले आणि डिसेंबर १९७० मध्ये निवृत्त झाले.

पुढे ऑगस्ट १९७९ मध्ये ते बिनविरोध उपराष्ट्रपती निवडले गेले. आपण एकदा याहून वरच्या आसनावर बसलो होतो, म्हणून त्यांनी हे पद नाकारले नाही. पाच वर्षे त्यांनी राज्यसभेचे काम चालविले. ऑक्टोबर १९८२ मध्ये राष्ट्रपती झैलसिंग उपचारासाठी परदेशी गेले, तेव्हा महिना संपेपर्यंत पुन्हा तोच भार घेतला आणि पुन्हा परत दिला. सरन्यायाधीश, उपराष्ट्रपती आणि राष्ट्रपतींचा कार्यभार, ही तिन्ही कामे केलेले ते एकटेच. १८ सप्टेंबर १९९२ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

तुळशीच्या लग्नापर्यंत आमच्या अध्यक्षाबाई बऱ्या होऊन आल्या. तोवर मंडळाच्या कपाटाची किल्ली माझ्या कमरेला चांगलीच सरावली होती. दोन महिने बायका मलाच विचारून सारे करीत होत्या, तेही गोड वाटू लागले होते. किल्ली परत देताना हात क्षणभर अडखळला, हे आज कबूल करते. त्या क्षणी मला हिदायतुल्ला आठवले, आणि मी किल्ली वहीसकट अध्यक्षाबाईंच्या हाती दिली.

भगिनींनो, वेळ आली की भार उचलावा आणि वेळ सरली की तो हसतमुखाने खाली ठेवावा, हे काम थोडके नव्हे. यंदाच्या निवडीत उपाध्यक्षपदासाठी आपले नाव कोणी सुचविले, तर नको म्हणू नका.