खाडीच्या मुखावरचे दीपगृह

मार्च १९१२. दक्षिण ध्रुवावरून परतीच्या वाटेवर असलेले तीन इंग्रज बर्फाच्या वादळात एका तंबूत अडकून पडले होते. अन्न संपले होते, इंधन संपले होते आणि पुढचा अन्नसाठा अवघ्या काही कोसांवर असूनही तिथवर पोचण्याचे त्राण उरले नव्हते. त्यांचा म्होरक्या कॅप्टन रॉबर्ट फाल्कन स्कॉट गारठलेल्या बोटांनी पत्रे लिहीत होता. पत्नीला लिहिलेल्या पत्रात त्याने मुलाविषयी एक इच्छा व्यक्त केली. जमले तर पोराला निसर्गाच्या अभ्यासाची गोडी लाव, खेळांच्या नादापेक्षा ते बरे, अशा अर्थाची. मुलगा तेव्हा अडीच वर्षांचा होता. त्याचे नाव पीटर.

बापाने मरताना मुलासाठी मागितलेले फार थोड्यांच्या बाबतीत खरे होते. इथे ते झाले. मात्र ते सरळ रस्त्याने झाले नाही. हातात बंदूक घेऊन, चिखलातून सरपटत, बरीच वळणे घेत ते झाले. म्हणूनच पीटर स्कॉट यांची कहाणी आजही सांगण्याजोगी आहे.

पीटरचा जन्म १४ सप्टेंबर १९०९ चा, लंडनचा. आई कॅथलीन नामांकित शिल्पकार. 'पीटर पॅन' लिहिणारे जे. एम. बॅरी हे मुलाचे धर्मपिता, आणि मुलाचे नावही त्या पीटर पॅनवरूनच ठेवलेले. १९१३ च्या फेब्रुवारीत कॅप्टन स्कॉटच्या मृत्यूची बातमी जगाला कळली आणि तो सबंध देशाचा वीरपुरुष झाला. लंडनच्या वॉटर्लू प्लेसमध्ये त्याचा पुतळा उभा राहिला, तोही कॅथलीनने स्वतः घडवलेला. वडिलांची आठवण नसलेल्या मुलाला वडिलांच्या पुतळ्याच्या सावलीत वाढायचे होते. थोर माणसांच्या मुलांचे काय होते हे आपण आपल्याकडेही पाहतोच.

आईने मात्र पतीचा शब्द पाळला. मुलाला झाडाझुडपांत मोकळे सोडले. सुरवंट, बेडूक, सरडे यांनी घर भरले तरी तिने तक्रार केली नाही. पुढे आउंडलच्या शाळेत असताना पक्ष्यांनी त्याला धरले ते कायमचे. ही शाळा नेन नावाच्या नदीच्या काठी आहे. ही नदी पूर्वेला वाहत जाऊन 'वॉश' नावाच्या विस्तीर्ण उथळ उपसागराला मिळते. त्या नदीचे मुख हेच पुढे पीटरच्या आयुष्याचे वळण ठरणार होते.

वॉशचा प्रदेश कोकणातल्या माणसाला चटकन ओळखीचा वाटावा. चार नद्या तिथे समुद्राला मिळतात. भरतीला सगळीकडे पाणी, ओहोटीला मैलोन्‌मैल चिखल आणि वाळूच्या पुळणी. बांध घालून समुद्राकडून हिसकावून घेतलेली खाजणासारखी शेते. आपल्याकडे नवरात्र-दिवाळीचे वेध लागतात त्या दिवसांत, म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरात, तिथे उत्तरेकडून पाखरांचे थवे उतरू लागतात. ओल्या चिखलात चोची खुपसून किडे टिपणारे तुतवार आणि चिखल्या, तरंग आणि तलवार बदके, आणि या सर्वांवर कडी करणारे गुलाबी पायांचे रानहंस. हे हंस आइसलँड आणि ग्रीनलंडमधून समुद्र ओलांडून येतात. रात्र पुळणींवर काढायची, पहाटे बांधावरून उडत शेतांत चरायला जायचे, सांजेला परत पाण्याकडे यायचे, हा त्यांचा दिनक्रम.

या येण्या-जाण्याच्या वाटेवर केंब्रिजमध्ये शिकणारा तरुण पीटर बंदूक घेऊन दबा धरून बसे. लहान होडीवर लांबलचक नळीची तोफेसारखी बंदूक बसवून, पालथे पडून थव्याकडे सरकायचे आणि एका बारात अनेक पाखरे पाडायची, हाही तिथल्या शिकारीचा एक प्रकार होता. पीटर त्यात तरबेज झाला. थंडी, अंधार, भरतीचे भय आणि डोक्यावरून जाणाऱ्या हंसांचा कालवा या सगळ्याची त्याला नशा चढली होती. गंमत अशी, की ज्यांना तो मारत होता त्यांचीच चित्रे घरी येऊन तो तासन्‌तास काढत बसे. केंब्रिजला गेला होता विज्ञान शिकायला. बाहेर पडला तो कलेचा अभ्यास करून. मग म्युनिक आणि लंडन इथे त्याने चित्रकलेचे धडे घेतले.

नेन नदीच्या मुखाशी, सटन ब्रिज गावाजवळ, दोन्ही तीरांवर एकेक जुने दीपगृह उभे आहे. एकोणिसाव्या शतकात नदीला नवा सरळ मार्ग खोदून दिला तेव्हाची ही बांधकामे. १९३३ मध्ये पीटर स्कॉट यांनी पूर्वेकडचे दीपगृह भाड्याने घेतले आणि तिथे राहू लागले. खिडकीबाहेर चिखल, गवत आणि आभाळ. चोवीस वर्षांच्या चित्रकाराला आणखी काय हवे होते? त्याच वर्षी लंडनमध्ये त्यांच्या चित्रांचे प्रदर्शन भरले. पहाटेच्या फिकट आभाळात रांगेने उडणारे हंस लोकांना इतके आवडले, की पुढे कित्येक इंग्रज घरांच्या भिंतींवर त्यांच्या प्रती लागल्या. १९३५ मध्ये 'मॉर्निंग फ्लाइट' आणि १९३८ मध्ये 'वाइल्ड कोरस' ही त्यांची सचित्र पुस्तके आली.

शिकारीच्या त्या दिवसांतली एक घटना त्यांच्या मनात काट्यासारखी रुतली. गोळी लागलेला एक हंस दूर चिखलात जाऊन पडला. चिखल इतका मऊ होता की माणूस तिथवर पोचू शकत नव्हता. त्याला सोडवता येईना आणि संपवताही येईना. दुसऱ्या दिवशी पाहिले तर तो तिथेच, अजून जिवंत. या पाखराने आपले काय वाकडे केले होते, हा प्रश्न त्यांना सुटला नाही.

कथाकाराने इथेच नायकाला बंदूक समुद्रात फेकायला लावली असती. प्रत्यक्षात तसे झाले नाही. स्कॉट त्यानंतरही काही वर्षे शिकार करत राहिले; हळूहळू ती कमी होत गेली आणि अखेर सुटली. सवय आणि विवेक यांचे भांडण एका रात्रीत मिटत नाही, हे आपल्यापैकी कुणाला ठाऊक नाही? पण त्याच सुमारास दीपगृहाभोवती त्यांनी पाणपक्षी पाळायला सुरुवात केली. मारण्यासाठी ज्यांच्यामागे धावले, त्यांना आता ते जवळून पाहू लागले. एका शरदात एक रानटी हंस मादी आपण होऊन या पाळीव कळपात उतरली आणि हिवाळाभर राहिली. स्कॉट यांनी तिचे नाव ॲनाबेल ठेवले. वसंतात ती उत्तरेला उडून गेली आणि पुढच्या शरदात, त्या अफाट किनाऱ्यावर नेमके तेच दीपगृह शोधत, परत आली. थव्यातले प्रत्येक पाखरू वेगळे असते, त्याला त्याची वाट आणि त्याची आठवण असते, हा धडा त्यांना ॲनाबेलने दिला.

या काळात स्कॉट इतरही बरेच काही करत होते. १९३६ च्या ऑलिंपिकमध्ये शिडाच्या होड्यांच्या शर्यतीत त्यांनी ब्रिटनसाठी कांस्यपदक मिळवले. मग महायुद्ध आले. नौदलात त्यांनी विनाशिकेवर आणि पुढे इंग्लिश खाडीतल्या गनबोटींवर काम केले, शौर्यपदके मिळवली. पण त्यांची खास कामगिरी चित्रकाराची होती. उत्तर अटलांटिकच्या ढगाळ प्रकाशात गडद राखाडी जहाज क्षितिजावर उठून दिसते, हे त्यांच्या नजरेने हेरले. पांढरा, फिका निळा, फिका हिरवा असे रंग दिले तर ते आभाळात विरघळते. त्यांनी सुचवलेली ही रंगसंगती नौदलाने त्या सागरी विभागातल्या जहाजांसाठी स्वीकारली.

युद्ध संपले आणि १९४५ च्या डिसेंबरात ते पश्चिमेकडच्या सेव्हर्न नदीच्या खाडीवर, स्लिमब्रिज गावी गेले. शत्रू उतरला तर गोळ्या झाडण्यासाठी किनाऱ्यावर काँक्रीटची ठाणी बांधलेली होती. त्यांतल्या एकात बसून त्यांनी हजारो हंसांचे थवे न्याहाळले आणि त्या गर्दीत ब्रिटनमध्ये अतिदुर्मीळ असलेल्या एका छोट्या जातीचे दोन हंस शोधून काढले. जागा इथेच, असे त्यांनी तिथल्या तिथे ठरवले. १० नोव्हेंबर १९४६ रोजी पाणपक्ष्यांच्या अभ्यासासाठी आणि रक्षणासाठी सेव्हर्न वाइल्डफाउल ट्रस्ट स्थापन झाला. बंदुकीच्या भोकांतून दुर्बिणी बाहेर आल्या.

ट्रस्टचे वैशिष्ट्य असे, की तिथे शास्त्रज्ञांबरोबर सामान्य माणसालाही दार उघडे होते. पक्षी पाहायला जाणे म्हणजे काही विक्षिप्त लोकांचा छंद, ही समजूत त्या काळी तिकडेही होती. पोराबाळांना घेऊन यावे, हंसाला हाताने दाणे घालावेत, मग आडोशात बसून रानटी थवे पाहावेत, आणि जाताना थोडे शहाणे होऊन जावे, ही स्कॉट यांची योजना. १९५५ पासून बीबीसी दूरचित्रवाणीवरच्या 'लुक' या कार्यक्रमातून हेच त्यांनी घरोघरी नेले.

शरदात येणारे हे हंस येतात तरी कुठून, याचाही छडा लावायचा होता. १९५१ आणि १९५३ मध्ये स्कॉट आपल्या सहकाऱ्यांसह आइसलँडच्या ओसाड मध्यभागी गेले. पिसे झडण्याच्या काळात हंसांना उडता येत नाही. तेव्हा घोड्यांवरून त्यांना जाळ्यांकडे हाकत नेऊन, पायांत कड्या घालून सोडून देण्यात आले. अशा हजारो हंसांच्या कड्यांवरून पुढे त्यांचे मार्ग आणि संख्या यांचा हिशेब मांडता आला. १९५१ च्या त्या मोहिमेतच त्यांनी सहकारी फिलिपा यांच्याशी लग्नही केले. पहिला विवाह त्याआधी मोडला होता.

स्लिमब्रिजची सर्वांत गोड कथा आहे ती हवाई बेटांवरच्या हंसाची. त्याचे तिथले नाव अगदी आपल्या आडनावासारखे, नेने. इंग्रजी अक्षरांत तर नेन नदी आणि नेने पक्षी एकच. शिकार आणि माणसाने आणलेले मुंगूस, मांजरे यांमुळे १९५० च्या सुमारास रानात जेमतेम तीसेक नेने उरले होते. १९५० मध्ये त्यांची एक जोडी स्लिमब्रिजला आली. दोघींनीही अंडी घातली, तेव्हा कळले की दोन्ही माद्याच! लगोलग हवाईहून नर मागवण्यात आला आणि वंश वाढला. १९६२ पासून स्लिमब्रिजला जन्मलेले नेने माउई बेटावरच्या डोंगरात सोडण्यात येऊ लागले. हवाईतल्या प्रयत्नांची त्याला जोड मिळाली. आज या हंसांची संख्या अडीच हजारांवर गेली आहे. २०१९ मध्ये अमेरिकेने त्याला सर्वाधिक धोक्याच्या यादीतून एक पायरी खाली आणले.

१९६४ मध्ये सैबेरियाच्या टुंड्रातून येणारे ब्युइकचे हंस स्कॉट यांच्या घराच्या खिडकीसमोरच्या तळ्यात उतरू लागले. त्यांच्या चोचीवरची काळी-पिवळी नक्षी प्रत्येकाची निराळी असते, आपल्या अंगठ्याच्या ठशासारखी, हे स्कॉट यांच्या चित्रकार डोळ्यांनी टिपले. मग सारे घर कामाला लागले. प्रत्येक हंसाची चोच चितारायची, त्याला नाव द्यायचे, आणि पुढच्या शरदात कोण आले, कोण नाही, कुणासोबत पिल्ले आहेत, याची नोंद ठेवायची. घरच्या माणसांची वाट पाहावी तशी ही वाट पाहणे होते. त्यातून एका जातीचा पिढ्यान्‌पिढ्यांचा इतिहास तयार झाला.

एवढ्या कर्तृत्वाच्या माणसाचे हसेही झाले. १९७५ मध्ये लॉक नेसच्या तथाकथित प्राण्याला त्यांनी शास्त्रीय नाव बहाल केले. कुणीतरी त्या नावाची अक्षरे उलटसुलट करून त्यातून ही पीटर स्कॉट यांची लबाडी असल्याचा अर्थ काढला आणि वर्तमानपत्रांना चघळायला विषय मिळाला. अज्ञात जिवाविषयीचे बालसुलभ कुतूहल त्यांनी कधी टाकले नाही, त्याची ही किंमत.

१९६१ मध्ये स्थापन झालेल्या जागतिक वन्यजीव निधीच्या संस्थापकांत स्कॉट होते. तो जगप्रसिद्ध काळा-पांढरा पांडा त्यांच्याच हातचा. धोक्यातल्या जिवांच्या लाल नोंदवह्या काढण्याच्या कामातही त्यांचा मोठा वाटा. पाणथळ जागा वाचवण्यासाठी १९७१ मध्ये इराणमधल्या रामसर गावी करार झाला, त्याच्या घडणीत त्यांच्या ट्रस्टच्या शास्त्रज्ञांनी मोलाची भर घातली. त्याच कराराच्या यादीत २०२० मध्ये नाशिकजवळचे नांदूर मधमेश्वर आले, पाठोपाठ लोणार आणि २०२२ मध्ये ठाण्याची खाडी. वॉशच्या चिखलातून निघालेली वाट अशी आपल्या दारापर्यंत पोचते.

पीटर स्कॉट यांना १९७३ मध्ये 'सर' हा किताब मिळाला. २९ ऑगस्ट १९८९ रोजी, ऐंशी वर्षे पुरी व्हायला दोन आठवडे असताना, ते गेले. १९५० च्या सुमारास ब्रिटनमध्ये उतरणारे गुलाबी पायांचे हंस तीसेक हजार होते. अलीकडच्या वर्षांत ते चार-पाच लाखांच्या घरात गेले. उलट त्यांचे लाडके ब्युइकचे हंस मात्र घटत आहेत. १९९५ मध्ये युरोपात येणारे सुमारे २९ हजार होते, ते २०१० पर्यंत १८ हजारांवर आले. हिवाळे उबदार होत असल्याने त्यांतले बरेचसे इंग्लंडपर्यंत येतच नाहीत. जमेची आणि खर्चाची ही दोन्ही खाती आपल्याला दिसतात, याचे कारण कुणीतरी बंदूक ठेवून वही उघडली होती.

आपल्याही खाड्यांवर पावसाळा सरताना तुतवार, चिखल्या आणि पाणटिवळे उतरतात. भरती चढू लागली की ते चिखलावरून काठाकडे सरकतात. पाहायला तीच वेळ चांगली. सोबत घरातले लहान मूल असावे. त्याला पक्ष्याचे नाव सांगता आले नाही तरी चालेल. किती आले, एवढे त्याला मोजू द्यावे. बर्फातल्या तंबूत मरणाच्या दारी बसलेल्या एका बापाने आपल्या मुलासाठी याहून अधिक काही मागितले नव्हते.